किलोचा ढीग की निवडक नाणं?

आर्वीच्या बाजारात भाचा अडला: "मामाजी, परदेशी नाणी किलोनं घेऊ की एकेक निवडून?"

ढीग स्वस्त पडतो. झिजलेली, दुबार नाणीच त्यात फार. पण नजर तयार होते ती तिथंच. ब्रिटिश सहा पेन्सवर १९२० ते १९४६ मधलं साल दिसलं की बाजूला ठेवायचं, निम्मी चांदी असते; १९४७ पासून तांबं-निकेल.

सुट्यात मेहनत कमी, फसगत मोठी. ऑस्ट्रियाची महाराणी मारिया थेरेसा हिच्या थेलरवर, म्हणजे चांदीच्या मोठ्या नाण्यावर, बहुधा १७८० असतंच, पुढं पाडलेल्यांवरही. सालापायी जास्त पैसे मोजू नये. वजन मात्र २८ ग्रॅमच्या आसपास भरलंच पाहिजे. चिंचेनं घासलेलं नाणं पाहून तर जीव हळहळतो. ते घेऊच नये.

शिकायचंय, पोरांसोबत बसून निवडायचंय, तर ढीग. एकाच देशाचा संच पुरा करायचाय, तर सुटं.