नियम खरा, मागणी खोटी: दुबईच्या पॅकेजमध्ये आमचे पैसे कसे गेले

२०२२ च्या अखेरीस चीनमधल्या कोविडच्या बातम्या सुरू झाल्या आणि आरटीपीसीआर पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आली. २२ नोव्हेंबरला एअर सुविधाचा, म्हणजे परदेशातून भारतात येताना भरायचा कोविडचा ऑनलाइन फॉर्म बंद झाला तेव्हा वाटलं होतं, सुटलो. पण १ जानेवारी २०२३ पासून चीन, हाँगकाँग, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर आणि थायलंडहून येणाऱ्यांना तो फॉर्म आणि प्रवासाच्या आधी ७२ तासांतला रिपोर्ट परत लागू झाला होता. तेव्हा इकडे सांगलीत मे महिन्याच्या सिंगापूर-थायलंडची बुकिंग जोरात होती. ओळखीतल्या काहींनी ॲडव्हान्सही भरला होता. म्हणून २०२१ च्या डिसेंबरात आमच्या घरी जे घडलं ते सगळं सांगते.

२०२१ चा जुलै आम्ही कृष्णेच्या पुरात आयर्विन पुलाची पातळी बघत काढला होता. त्याआधी दोन लॉकडाऊन. दिवाळीत सासरे म्हणाले, आता एकदा सगळे मिळून बाहेर जाऊ. पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलेला माणूस, दुबईचं एक्स्पो बघायची त्यांची फार इच्छा होती. प्रदर्शन ३१ मार्च २०२२ पर्यंतच होतं. नाताळच्या सुट्टीत जायचं ठरलं: सासू-सासरे, आम्ही दोघं आणि आठ वर्षांची मुलगी.

एजंट ओळखीतला. नवऱ्याच्या मित्राची केरळची सहल त्याने उत्तम केली होती. पाच जणांचे पावणेतीन लाखांच्या आसपास, वर जीएसटी आणि परदेशी सहलीवर तेव्हा असलेला पाच टक्के टीसीएस, म्हणजे एजंटने गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारकडे भरायचा आयकर. पैसे भरले त्याच दिवशी तिकिटं आली. नवऱ्याने एअरलाइनच्या साइटवर पीएनआर (बुकिंग क्रमांक) टाकून बघितला, पाचही नावं होती. व्हिसेही आले आणि तेही खरे होते. हे मुद्दाम सांगते, कारण ‘बघून घ्यायचं ना’ असं नंतर बऱ्याच जणांनी ऐकवलं. आम्ही बघितलं होतं. त्या दिवशी सगळं खरंच होतं.

मग ओमिक्रॉन आला. २६ नोव्हेंबरला त्याचं नाव जाहीर झालं, १ डिसेंबरपासून केंद्राची नवी नियमावली लागू झाली आणि १५ डिसेंबरपासून नियमित आंतरराष्ट्रीय विमानं सुरू करण्याचा निर्णय लांबणीवर पडला. त्या दिवशी एजंटचा फोन. “वहिनी, टेन्शन घेऊ नका. रेग्युलर फ्लाइट कॅन्सल झाल्यात, तुमची तिकिटं एअर बबलमध्ये टाकावी लागतील. माणशी नऊ हजार फरक. पीएनआर तोच राहील.” बातमी टीव्हीवर होतीच. पैसे दिले. पण नियमित विमानं मार्च २०२० पासूनच बंद होती. भारत-दुबई जे काही उडत होतं ते बबलमध्येच, दोन देशांनी आपसात ठरवलेल्या मोजक्या विमानांनी. म्हणजे आमची तिकिटं पहिल्यापासून बबलचीच होती, बदलायचं काहीच नव्हतं. त्याने केलं एवढंच, की त्याच आठवड्यात ती रद्द केली आणि रिफंड स्वतःच्या खात्यात घेतला. तिकीट एजंटच्या खात्यातून काढलेलं असलं की परतावाही तिकडेच जातो आणि प्रवाशाला पत्ता लागत नाही, कारण बुकिंगमध्ये मोबाइल आणि ईमेल एजंटचाच असतो.

त्याची सगळी पद्धत अशीच होती. हवेतून गोष्ट रचायची नाही. जो नियम खरोखर निघाला त्याच्या शेपटीला आपली मागणी बांधायची. सासूबाईंनी कोव्हॅक्सिन घेतली होती, तर त्यासाठी ‘स्पेशल परमिशन’चे सहा हजार. कोव्हॅक्सिनला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता ३ नोव्हेंबरलाच मिळाली होती, आणि एअरलाइनच्या पानावर अशा परमिशनचा उल्लेखही नव्हता. चाचणीचं तेच. दुबईसाठी ४८ तासांच्या आतला, क्यूआर कोड असलेला रिपोर्ट लागायचा आणि विमानतळावर निघण्याआधी सहा तासांत रॅपिड पीसीआर. हे खरं. पण १२ वर्षांखालच्या मुलांना यातून सूट होती, तरी त्याने मुलीचेही पैसे लावले. घरी येऊन स्वॅब घेण्याचे माणशी १८०० घेतले. त्याच महिन्यात राज्य सरकारने तो दर ७०० वर आणला होता.

नाताळच्या तोंडावर मुंबई महापालिकेचा आदेश निघाला. दुबईहून येणाऱ्या मुंबईकरांना सात दिवस गृहविलगीकरण, आणि राज्यातल्या इतर जिल्ह्यांतल्या प्रवाशांना सार्वजनिक वाहनाने जायला मनाई. त्यांची गाडीची सोय जिल्हाधिकाऱ्यांमार्फत. आदेशात हॉटेलचं नाव नाही. याने फोनवर काय सांगितलं? “सांगलीवाल्यांना मुंबईत हॉटेल क्वारंटाइन कंपल्सरी केलंय. डिपॉझिट आजच भरलं तरच बोर्डिंग.” चाळीस हजार. सत्तरी ओलांडलेल्या सासऱ्यांना मुंबईत अडकावं लागेल या धास्तीने नवऱ्याने २५ तारखेला ते पाठवले. आणि खातं एजन्सीचं नव्हतं, कुणा बाईच्या नावचं होतं. ‘अकाउंट लिमिट संपलंय’ म्हणाला.

त्याच संध्याकाळी पीपीई किट घातलेला एक मुलगा आला आणि आम्हा चौघांचे स्वॅब घेऊन गेला. मुलीचा घेतला नाही. ती घाबरली होती, आणि मुलगाच म्हणाला, लहान मुलांना लागत नाही.

२६ तारखेला रात्री आम्हाला मुंबईला निघायचं होतं. बॅगा हॉलमध्ये रांगेत. साडेनऊच्या सुमारास व्हॉट्सॲपवर रिपोर्ट आले आणि ते पाच होते. पाचवा मुलीचा. जिच्या नाकाला काडी लागली नव्हती तिच्या नावाने ‘निगेटिव्ह’ लिहिलेला, डॉक्टरची सही असलेला कागद. मग प्रत्येक ओळ वाचली. पाचही जणांचा नमुना घेतल्याची वेळ एकच, २६ डिसेंबर, सकाळी ८.१०. त्या वेळी सासूबाई गणपतीच्या देवळात होत्या. वेळ पुढची टाकली की ४८ तास लांबतात, एवढाच त्यातला हिशोब. क्यूआर कोड स्कॅन केला तर लॅबच्या साइटवर काही उघडलं नाही. उघडली ती ड्राइव्हवर कुणीतरी ठेवलेली तीच पीडीएफ. लेटरहेडवरच्या लॅबचा नंबर आम्ही स्वतः शोधून लावला. तिथल्या बाईंनी रिपोर्टवरचे एसआरएफ क्रमांक (नमुन्याचे नोंदणी क्रमांक) बघून सांगितलं की हे भलत्याच लोकांचे आहेत आणि तुमचे नमुने आमच्याकडे आलेलेच नाहीत.

एअरलाइनच्या साइटवर पीएनआर टाकला. रद्द.

खोटा रिपोर्ट घेऊन काउंटरवर उभं राहिलो असतो तर त्या कागदावर नावं आमची होती. म्हाताऱ्या माणसांना कुठल्या चौकशीला तोंड द्यावं लागलं असतं, या विचाराने मला आजही संताप येतो. पैशाचं दुःख त्यापुढे कमीच आहे.

फोन बंद. नवरा आणि दीर रात्रीच त्याच्या घरी गेले. तो नव्हता, पण त्याच्या वडिलांनी आमचे पासपोर्ट काढून दिले. व्हिसाच्या ‘स्टॅम्पिंग’साठी म्हणून त्याने ते मागून घेतले होते. दुबईचा पर्यटक व्हिसा ऑनलाइन निघतो, त्याला स्कॅन पुरतो. मूळ पासपोर्ट एजंटकडे अडकलेला असला की माणूस वाद घालायला कचरतो, त्यासाठीच तो ठेवलेला असतो.

त्याच रात्री सायबर पोर्टलवर तक्रार केली आणि सकाळी बँकेत गेलो. शेवटचे चाळीस हजार त्या बाईच्या खात्यात गोठले आणि बऱ्याच महिन्यांनी परत मिळाले. बाकीचे नाहीत. आता अशा वेळी १९३० हा नंबर आहे. तो पहिल्या काही तासांत लावा, पैसा पुढच्या खात्यात सरकला की हाती लागणं अवघड.

बुकिंग करणाऱ्यांनी बाकी काही नाही तर एवढं करा. पीएनआर एकदा बघून थांबू नका, निघेपर्यंत दर आठवड्याला बघा, आणि बुकिंगमध्ये स्वतःचा मोबाइल व ईमेल घालून घ्या. नवा खर्च सांगितला की “कुठला आदेश, कुठल्या तारखेचा?” विचारा आणि तो मूळ आदेश वाचा. चाचणी लागली तर ती स्वतः लॅबमध्ये जाऊन करा, पॅकेजमध्ये घेऊ नका. आणि टीसीएस. एजंटने तो खरंच भरला असेल तर तुमच्या पॅनवर २६एएस मध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या साइटवरच्या तुमच्या कराच्या विवरणात दिसायला हवा. लगेच दिसत नाही, तिमाहीचं विवरण भरल्यावर दिसतो, पण जुन्या गिऱ्हाइकाला विचारता येतं: तुमचा दिसला का? आमच्या घेतलेल्या टीसीएसमधला एक रुपयाही तिथे नाही. नंतर त्या केरळवाल्या मित्राला जीएसटीचं बिल विचारलं, तर त्याच्याकडेही नुसतं कोटेशनच होतं.

पोलिसांत फसवणूक आणि बनावट कागदपत्रांची तक्रार दिली आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही प्रकरण चालू आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता तिथेच दावा लावता येतो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि ऑनलाइन घरबसल्या अर्ज होतो. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. असाच अनुभव आलेल्यांनी ती जाऊ देऊ नका. आणि चॅट पुसू नका, फोन बदलू नका. स्क्रीनशॉटवर भागत नाही. आम्हाला सगळं संभाषण काढून तेव्हाच्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५ब च्या (इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या) प्रमाणपत्रासह जोडावं लागलं, आणि ते पाच रिपोर्ट ज्या फोनवर आले तो फोन सासऱ्यांनी अजून तसाच जपून ठेवलाय.