टायटल इन्शुरन्सचा अनुभव : घर टेक्सासमध्ये, फाइल बडोद्यात

लेक-जावयाने गेल्या वर्षी टेक्सासमध्ये घर घेतलं आणि सगळे कागद मला व्हॉट्सॅपवर पाठवले, कारण मी इथे बडोद्यात बँकेच्या लोन खात्यात होते आणि टायटल क्लिअरच्या फायली वाचण्यातच निम्मी नोकरी गेली. त्यात टायटल इन्शुरन्स, म्हणजे घराच्या मालकीहक्काचा विमा होता. जावई म्हणाले, आई, बँक घ्यायला लावते म्हणून घ्यायचा, बाकी काही नाही. म्हटलं थांबा, मला वाचू दे.

पॉलिस्या दोन निघाल्या. बँक लावते ती बँकेची, म्हणजे उद्या कोणी घरावर हक्क सांगत आलं तर बँकेचं उरलेलं लोन सेफ, तुमचं डाउन पेमेंट गेलं तर गेलं, आणि लोन फिटेल तशी तिची रक्कमही उतरत जाते. मालकाची पॉलिसी वेगळी. तिचा प्रीमियम एकदाच, आणि घर तुमच्याकडे नाहीतर तुमच्या वारसांकडे आहे तोवर ती चालू. टेक्सासमध्ये दर सरकारच ठरवतं, त्यामुळे कंपन्या फिरून घासाघीस करण्यात अर्थ नाही, पण पैसे कोणी भरायचे ते बोलून ठरतं, यांच्यात विकणाऱ्याने भरले.

बाकी विमे पुढे काय होईल त्याचे, हा मागे काय झालंय त्याचा. खोटी सही, कोणाला न सांगितलेला वारस, थकलेला टॅक्स, जुना बोजा. खरेदीनंतर तुम्हीच केलेला घोळ किंवा माहीत असून लपवलेली गोष्ट यात येत नाही.

आता खरा अनुभव. काही महिन्यांनी व्याज जरा उतरलं म्हणून लेक रीफायनान्सला, म्हणजे जुनं लोन फेडून नवं घ्यायला गेली, आणि नव्या बँकेच्या सर्चमध्ये, म्हणजे जुन्या नोंदींच्या तपासणीत, आधीच्या मालकाचं एक जुनं लोन उघडं दिसलं. पैसे त्याने कधीच फेडले होते, पण रिलीजचा, म्हणजे बोजा उतरल्याचा कागद काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) रेकॉर्डला चढलाच नव्हता. आपल्याकडे सातबाऱ्यावरचा बोजा कमी करायचा राहून जातो ना, अगदी तेच. त्यात ती जुनी बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली, म्हणजे सही कोणाची घ्यायची हाच प्रश्न. लेक घाबरून त्या बँकेला स्वतःच फोन लावायला निघाली होती, मी म्हटलं अजिबात नाही, आधी विमा कंपनीला लेखी कळव, पॉलिसीत तीच अट आहे. कळवलं. मग पत्रव्यवहार, वकील, पाठपुरावा सगळं कंपनीने केलं आणि रिलीज नोंदवून आणला. वेळ खाल्ला, उत्तरं गुळमुळीत यायची, पण लेकीच्या खिशातून वकिलाची फी गेली नाही. रीफायनान्सला बँकेची पॉलिसी मात्र नव्याने घ्यावी लागली, मालकाची तीच राहिली.

वैताग आला तो शेड्यूल बी नावाच्या पानांचा. कशाचं कव्हर नाही ते तिथे लिहिलेलं असतं. मागच्या कुंपणालगतची पट्टी वीजवाल्यांच्या हक्काची निघाली, आणि जावयांना नेमकी तिथेच शेड बांधायची होती. घर घेणाऱ्याने दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल, ही पानं वाचावीत, आणि तीही सही करायच्या आधी.

इथे बडोद्यात मांजलपूरला टेनामेंट, म्हणजे छोटं स्वतंत्र घर घेताना आपण काय करतो? बानाखत (विक्रीचा करार), वकीलसाहेबांचा साधारण 30 वर्षांचा सर्च, पेपरात जाहेर नोटिस, मग दस्तावेज, म्हणजे खरेदीखत. 1908 च्या रजिस्ट्रेशन कायद्याने दस्तावेज नोंदला जातो, मालकी खरी असल्याची हमी सरकार देत नाही. पेढीनाम्यात (वंशावळीत) एका बहिणीचं नाव गाळलेलं मी स्वतः फायलीत पाहिलंय, आणि वकिलाचं सर्टिफिकेट हे शेवटी त्याचं मत, घर गेलं तर त्यातून पैसे येत नाहीत. रेरात, म्हणजे बिल्डरांवरच्या 2016 च्या कायद्यात, कलम 16 प्रमाणे जमिनीच्या टायटलचा विमा बिल्डरने काढायची तरतूद आहे, पण राज्य सरकारने नोटिफाय केलं तर. कलम 18 मध्ये टायटल खोटं निघालं तर बिल्डरकडून भरपाई आहे आणि तिला मुदतीची आडकाठीही नाही. पण जुनं टेनामेंट एका घरमालकाकडून दुसऱ्याने घेतलं की यातलं काहीच कामाला येत नाही.

लेकीच्या मालकाच्या पॉलिसीत एक खटकतंच. भरपाई खरेदीच्या किमतीपुरती, घराचा भाव चढला तरी पॉलिसी तिथेच. जादा पैसे भरून रक्कम वाढवता येते, ते विचारून घे म्हणून लेकीला सांगितलंय, तिने अजून फोन केलेला नाही.