जुन्या एच६१ बोर्डासाठी वापरलेला आय५-३४७०: आधी बोर्ड तपासा, मग पैसे द्या

इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये एच६१ बोर्डासाठी (इंटेलच्या एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड) सेकंडहँड प्रोसेसर मागायला गेलात, तर इंटेलचा आय५-३४७० घेऊन पाहण्यासारखा आहे. चार कोर, ३.२ गिगाहर्ट्झ (टर्बोत ३.६), ७७ वॉट. दोन कोरांच्या पेंटियम किंवा आय३ वरून आलात तर फरक लगेच कळतो. प्रोसेसर म्हणून तक्रारीला जागा नाही. गाडी अडते ती बोर्डावर.

काउंटरवर तो दुकानाच्या बोर्डात लावून चालू करून दाखवतात. त्यावरून प्रोसेसर जिवंत आहे एवढंच सिद्ध होतं, तुमच्या बोर्डावर चालेल हे नाही. एच६१ बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या एलजीए ११५५ सॉकेटमध्ये इंटेलची दुसरी आणि तिसरी, दोन्ही पिढ्या बसतात. पण एच६१ बोर्ड मुळात दुसऱ्या पिढीसाठी आले होते आणि ३४७० तिसऱ्या पिढीचा. बायोस (बोर्ड सुरू करणारं त्यातलंच सॉफ्टवेअर) जुनं असेल तर पंखा फिरतो, स्क्रीन मात्र काळीच राहते. मग दुकानदार बोर्डाला दोष देतो आणि गिऱ्हाईक प्रोसेसरला.

म्हणून घरून निघण्यापूर्वी सीपीयू-झेड या प्रोग्रामच्या मेनबोर्ड टॅबमधून बोर्डाचं मॉडेल, रिव्हिजन (त्याच मॉडेलची कितवी आवृत्ती) आणि बायोसची आवृत्ती लिहून घ्या. रिव्हिजन बहुधा बोर्डावरही छापलेली असते. रिव्हिजन बदलली की बायोसची फाइलही बदलू शकते. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची सीपीयू सपोर्ट यादी उघडा. ३४७० समोर जी बायोस आवृत्ती दिली असेल, ती किंवा त्यापुढची हवी. अपडेट जुना प्रोसेसर बोर्डात असतानाच करा, आणि यूपीएसवर: मध्येच वीज गेली तर बोर्ड मृत होऊ शकतो. काही बोर्डांवर मॅनेजमेंट इंजिनचं (चिपसेटमधला इंटेलचा छोटा नियंत्रक) फर्मवेअरही ७ वरून ८ वर न्यावं लागतं. कंपनीच्या सूचना पूर्ण वाचा. ब्रँडेड पीसी असेल तर त्याच मॉडेलची यादी बघा, 'एच६१ आहे ना' म्हणून सोडू नका.

घेताना प्रोसेसरच्या धातूच्या झाकणावरचा कोड वाचा: एसआर०टी८. त्याऐवजी आय५-३३५०पी पुढे केला तर वेगळं ग्राफिक्स कार्ड असल्याशिवाय घेऊ नका, त्यात अंगभूत ग्राफिक्स नाही. एलजीएमध्ये पिना बोर्डाच्या सॉकेटात असतात; बसवण्याआधी टॉर्च मारून बघा. एक पिन वाकली तरी रॅमचा एक स्लॉट गायब होऊ शकतो. जुना कूलर तांब्याच्या गाभ्याचा नसेल आणि बारीक ॲल्युमिनियमचा असेल, तर इंदूरच्या मे महिन्यात ७७ वॉट त्याला जड जातील. थर्मल पेस्ट नवी लावा. बिलावर 'माझ्या बोर्डावर चालला नाही तर परत' एवढं लिहून घ्या.

बँकेच्या कामाच्या मशीनसाठी मात्र मी हा सुचवणार नाही. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तिसऱ्या पिढीचा एकही प्रोसेसर नाही आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्स टाकणार असाल किंवा मुलांच्या अभ्यासाला मशीन हवी असेल, तर एसएसडीसोबत जरूर घ्या.