हीट पंप आणि एक पूर्ण हिवाळा: सात महिन्यांच्या वापरानंतर

गॅसचा बॉयलर काढून हवेतील उष्णतेवर चालणारा हीट पंप बसवल्याला आता सात महिने झाले आहेत. पानगळीच्या सुरुवातीला तो सुरू झाला, ऐन थंडीतून गेला आणि आता दिवसातून एकदा, टाकीतले पाणी तापवण्यापुरताच चालतो. या काळात रोज सकाळी विजेच्या मीटरचे आणि उष्णतामापकाचे, म्हणजे यंत्राने घराला दिलेली उष्णता मोजणाऱ्या मीटरचे, आकडे मी वहीत टिपत आले आहे. यंत्राविषयी आज माझे मत चांगले आहे. मात्र पहिले दोन महिने ते तसे नव्हते, आणि त्याला यंत्रापेक्षा त्याची मांडणी आणि आमच्या सवयी अधिक जबाबदार होत्या, हे मला उशिरा कळले.

घर दुमजली आणि जुने आहे. छपराखाली इन्सुलेशनचा जाड थर आहे, खिडक्या दुहेरी काचेच्या आहेत, भिंती मात्र जशा होत्या तशाच. बाहेरचे युनिट ८ किलोवॅटचे असून कॉम्प्रेसर आणि रेफ्रिजरंटचे, म्हणजे उष्णता वाहून आणणाऱ्या द्रव्याचे, संपूर्ण चक्र त्या पेटीतच बंदिस्त आहे. घरात येतात त्या फक्त पाण्याच्या नळ्या. रेफ्रिजरंट आर-२९०, म्हणजे चक्क प्रोपेन आहे. तो ज्वलनशील आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे युनिटपासून ठरावीक अंतराच्या आत खिडकी, दार किंवा गटाराचे तोंड असून चालत नाही, आणि या एका अटीपायी आम्हाला युनिटची जागा दोनदा बदलावी लागली. घरात २०० लिटरची टाकी आणि आतून फिरणाऱ्या गरम पाण्याने खोल्या तापवणारे नऊ रेडिएटर आहेत. त्यांपैकी पाच नवे, आकाराने मोठे बसवले. चार जुनेच ठेवले. हा चार रेडिएटरांचा मोह पुढे नडला.

एसी घरातली उष्णता बाहेर फेकतो. हे यंत्र तेच चक्र उलटे चालवून बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणते. बाहेर शून्य अंश असले तरी त्याहून थंड रेफ्रिजरंटच्या दृष्टीने ती हवा उबदारच असते. उष्णता तयार करायची नसून केवळ उचलून आणायची असल्यामुळे एक युनिट विजेत तीन-चार युनिट उष्णता मिळू शकते. या गुणोत्तराला सीओपी म्हणतात. कल्पना जुनी आहे. झुरिचच्या नगरभवनात १९३८ मध्येच नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा हीट पंप बसवला होता. पण सीओपी हा यंत्राच्या पेटीवर छापलेला कायमचा गुण नव्हे. बाहेरची हवा आणि रेडिएटरमध्ये जाणारे पाणी यांच्या तापमानांत जितके अंतर जास्त, तितकी चढण उभी आणि तितकी वीज जास्त. बाहेरच्या हवेवर आपला ताबा नाही. पाण्याच्या तापमानावर आहे, आणि आमच्या घरात नेमके तिकडेच कुणाचे लक्ष नव्हते.

बसवून देणाऱ्यांनी पाणी ५५ अंशांवर ठेवले, थर्मोस्टॅट कसा फिरवायचा ते दाखवले आणि ते निघून गेले. आम्हीही बॉयलरच्या काळातली रीत चालू ठेवली: सकाळी दोन तास, संध्याकाळी पाच तास, रात्री पूर्ण बंद. बॉयलर ७० अंशांचे पाणी सोडून अर्ध्या तासात खोली तापवत असे, म्हणून ते चालून जाई. हीट पंपाला मात्र रात्रभर थंडावलेल्या भिंती, फरशी आणि फर्निचर हे सगळे पुन्हा तापवायला तेवढे तास पुरत नसत, आणि चालू असेपर्यंत तो पूर्ण ताकदीने, म्हणजे सर्वांत वाईट सीओपीवर, धावत राही. पहिल्या दोन महिन्यांची वहीतली सरासरी २.६ आहे. माहितीपत्रकातला आकडा त्याच्या कितीतरी वर होता, आणि त्या दिवसांत माझी चिडचिडही तशीच वरची होती.

बदल केला तो दोन गोष्टींत. यंत्र दिवसरात्र चालू ठेवले, रात्री फक्त एक अंश कमी. आणि बाहेरच्या तापमानानुसार पाण्याचे तापमान आपोआप ठरवणारी सोय, जिला सेटिंगमध्ये हीटिंग कर्व्ह म्हणतात, ती वापरात आणली. दर तीन-चार दिवसांनी मी कर्व्ह एकेक अंशाने खाली आणत गेले आणि घरातले कुणी कुरकुरले की तिथेच थांबले. आता बाहेर १० अंश असताना पाणी ३३ अंशांवर असते आणि बाहेर शून्य असताना ४२ अंशांवर. घर तापवण्याचे पुढचे चार महिने, ज्यांत सर्वांत थंड आठवडेही आले, सरासरी ३.५ राहिली. कोपऱ्यातली एक खोली सोडली तर खोल्यांचे तापमान २० ते २१ अंशांच्या बाहेर गेले नाही. खोलीतला थर्मोस्टॅट आता केवळ उन्हाच्या दिवशी जास्तीची ऊब अडवण्यापुरता उरला आहे.

या व्यवस्थेची मनाला सवय व्हायला वेळ लागतो. आई राहायला आली तेव्हा पहिल्याच संध्याकाळी रेडिएटरला हात लावून म्हणाली, "अगं, हा बंद पडलाय." रेडिएटर ३५ अंशांवर होता, आणि तळहाताची त्वचा स्वतःच ३०–३४ अंशांच्या आसपास असल्यामुळे हाताला तो जेमतेम कोमट लागतो. मी तिला भिंतीवरचा तापमापक दाखवला, त्यावर २०.८ होते. "मग हात का भाजत नाही?" हा तिचा प्रश्न मात्र रास्तच होता. उत्तर रेडिएटरच्या आकारात आहे. रेडिएटर आणि खोली यांच्या तापमानांतला फरक निम्मा झाला, तर त्याच रेडिएटरमधून निघणारी उष्णता निम्मीही उरत नाही, सुमारे ४० टक्क्यांवर येते. म्हणून पृष्ठभाग मोठा हवा आणि वेळ जास्त हवा. स्वेटर वाळवायला रेडिएटर वापरायची आमची सवय यात मोडली, एवढी तक्रार आईच्या बाजूने नोंदवून ठेवते.

सर्वांत महागडी चूक निराळीच निघाली. थंडीच्या मध्यावर एका आठवड्यात विजेचा वापर अचानक वाढला. बाहेर तर ३–४ अंश होते, काही फार नव्हते. विजेच्या मीटरच्या तासातासाच्या नोंदी काढून पाहिल्या तेव्हा पहाटेच्या वाचनांत जवळजवळ ३ किलोवॅटची सपाट पायरी दिसली. हीट पंपाचा कॉम्प्रेसर इन्व्हर्टरवर, म्हणजे गरजेनुसार वेग बदलत, चालतो, त्याचा वापर हळूहळू चढतो-उतरतो. सपाट पायरी ही साध्या हीटिंग कॉइलची खूण. पूरक हीटर बाहेर ५ अंशांच्या खाली गेले की आपोआप सुरू व्हावा, अशी मांडणी पहिल्या दिवसापासून करून ठेवलेली होती आणि आम्हाला कुणी सांगितलेली नव्हती. तो हीटर एका युनिटला एकच युनिट उष्णता देतो. मर्यादा उणे ८ वर नेली आणि त्यानंतर तो एकदाही लागला नाही. ज्यांनी काम केले त्यांना फोन केला तेव्हा "सुरक्षेसाठी तसेच ठेवतो" एवढेच उत्तर मिळाले.

बाहेरच्या युनिटवर बर्फ धरणे हा विषय नव्या माणसाला घाबरवतो. आम्हीही घाबरलो होतो. कोरड्या, कडक थंडीपेक्षा शून्याच्या आसपासची दमट हवा यंत्राला जास्त छळते, कारण त्या हवेत बाष्प भरपूर असते आणि ते पात्यांवर गोठते. अशा एका धुक्याच्या सकाळी मी शेजारी उभी राहून पाहिले. अॅल्युमिनियमच्या बारीक पात्यांवर खालून वर पांढरा थर चढत होता आणि पंख्याचा आवाज जड होत चालला होता. मग पंखा थांबला, आत झडप पलटल्याचा फुस्स असा आवाज आला, आणि मिनिटभरात सगळा पांढरेपणा पाण्याच्या धारांनी खाली उतरला. पेटीतून वाफेचा एवढा मोठा ढग उठला की समोरच्या घरातून काळजीपोटी विचारणा झाली. पाचेक मिनिटांत पंखा पुन्हा फिरू लागला. या काळात यंत्र घरातल्या पाण्यातलीच थोडी उष्णता उसनी घेते. खोलीत ते जाणवत नाही.

जाणवते ते पाणी. दमट दिवशी बादल्या भरतील इतके पाणी युनिटखाली गळते, आणि आमच्याकडे ते पायवाटेवर वाहून रात्री काचेसारखे गोठले. त्यावर मी एकदा घसरलेही, सुदैवाने नुसते खरचटले. युनिटखाली खड्डा करून त्यात खडी भरल्यावर प्रश्न मिटला. हे काम पहिल्या दिवशीच व्हायला हवे होते.

आवाजाबद्दल थोडक्यात: युनिट जमिनीवर रबरी पायांवर ठेवले आहे, आणि बंद खिडकीतून ते ऐकू येत नाही. भिंतीवर ब्रॅकेट लावून टांगले असते तर कंप भिंतीतून झोपण्याच्या खोलीत उतरला असता.

वापरायच्या गरम पाण्याची टाकी दुपारी, बाहेरची हवा दिवसातली सर्वांत उबदार असताना, ४८ अंशांपर्यंत तापवतो. तेवढा वेळ रेडिएटरांकडचा प्रवाह थांबतो, पण तास-पाऊण तासात घर थंडावत नाही. लीजिओनेला जीवाणूंच्या भीतीने आठवड्यातून एकदा पाणी ६० अंशांवर नेले जाते आणि त्या दिवशीचा सीओपी वहीत उठून दिसतो. एकामागून एक चार जणांच्या आंघोळीला पाणी पुरते. पाचव्याला थांबावे लागते.

सौम्य हवेत मात्र यंत्राची एक मर्यादा उघडी पडते. बाहेर १२–१३ अंश असताना घराला लागते त्याहून जास्त उष्णता हे युनिट आपल्या किमान वेगावरही देते, त्यामुळे ते वरचेवर बंद-चालू होत राहते. न वापरलेल्या खोल्यांचे व्हॉल्व्ह बंद ठेवण्याची जुनी काटकसर इथे उलटी पडते, कारण पाणी फिरायला जागा उरत नाही आणि बंद-चालूचा खेळ वाढतो. सगळे व्हॉल्व्ह उघडे ठेवल्यावर तासाला पाच-सहा वेळा होणारे सुरू होणे दोनवर आले. ६ किलोवॅटचे युनिट घेतले असते तर बरे झाले असते, असे मला आता वाटते. त्या वेळी "मोठे असलेले बरे" या सल्ल्यापुढे आम्ही मान तुकवली.

वीज गेल्यावर बाहेरच्या नळ्यांतले पाणी गोठू नये म्हणून तिथे दोन झडपा आहेत, ज्या पाणी ३ अंशांच्या आसपास आले की आपोआप उघडून ते सोडून देतात. त्यांची गरज अजून पडलेली नाही. देखभाल म्हणाल तर चुंबकीय गाळणी एकदा साफ केली, त्यातून जुन्या रेडिएटरांचा काळा गाळ निघाला, आणि पात्यांत अडकलेली पाने हाताने काढली.

उरले ते जुने चार रेडिएटर. त्यांपैकी तीन निभावून नेतात. उत्तरेकडच्या कोपऱ्यातल्या खोलीतला चौथा मात्र ४२ अंशांच्या पाण्यात खोली १९ च्या वर नेत नाही, आणि त्या एका खोलीसाठी अख्ख्या घराचे पाणी गरजेपेक्षा जास्त तापवावे लागते. पुढच्या हंगामाआधी तिथे दुहेरी पट्ट्यांचा, रुंद रेडिएटर बसवून घेणार आहे. माझ्या हिशेबाने मग कर्व्ह ३८ वर उतरायला हवा. वहीची पुढची पाने त्यासाठी आखून ठेवली आहेत.