सामुदायिक सायकल कार्यशाळेत दारूविषयी नियम कोणता असावा? तीन पर्यायांची तुलना

स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या आणि जिथे येणारा माणूस तिथली हत्यारे घेऊन स्वतःच आपली सायकल दुरुस्त करतो अशा सायकल कार्यशाळेची नियमावली लिहायला बसले, की हत्यारांची नोंदवही, उघडण्याच्या वेळा आणि जुन्या सुट्या भागांचे दर यांवर अर्ध्या तासात एकमत होते. दारूचा मुद्दा निघाला, की मात्र ‘आपण सगळे एकमेकांना ओळखतो, हे लिहायलाच हवे का?’ असे कुणीतरी म्हणते आणि बैठक तिथेच अडते. इंदुरात रामबागेजवळच्या आमच्या कार्यशाळेत हे दोनदा घडले. आता राजेंद्रनगरातील काही मंडळी अशीच कार्यशाळा काढण्याच्या विचारात आहेत आणि त्यांच्यातल्या एकाचे आप्त बडोद्यात तोच खटाटोप करू पाहत आहेत. दोन्हीकडच्यांना ठरवायला सोपे जावे म्हणून ही तुलना मांडली आहे.

पहिला पर्याय संपूर्ण बंदीचा: आवारात कुणीही, केव्हाही दारू आणायची नाही आणि प्यायची नाही. दुसरा पर्याय वेळेचा: लोकांसाठी शटर उघडे असेपर्यंत बंदी, ते खाली आल्यावर प्रौढ स्वयंसेवकांना मोकळीक. तिसरा पर्याय प्रसंगाचा: एरवी बंदी, पण निधी जमवण्याच्या संध्याकाळी रीतसर परवाना काढून दारू ठेवायची. ‘समजून घ्या’ हा न लिहिलेला चौथा पर्याय मी मोजत नाही, कारण त्यात प्रत्येक जण आपापल्या सोयीचे समजून घेतो.

बडोदेकरांचा प्रश्न लवकर सुटतो. गुजरातेत राज्याच्या स्थापनेपासून, म्हणजे 1960 पासून, दारूबंदी आहे. परवान्याशिवाय दारू बाळगणे आणि पिणे हे दोन्ही गुन्हे आहेत, आणि प्रकृतीच्या कारणाने कुणाला परवाना मिळालेला असला तरी तो त्या व्यक्तीचा असतो, कार्यशाळेचा नव्हे. 2023 च्या अखेरीस गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीला मिळालेली सवलत तेवढ्या जागेपुरती आहे. म्हणून दांडिया बाजारात कार्यशाळा उघडणाऱ्याने दुसरा आणि तिसरा पर्याय सोडून थेट पिऊन आलेल्या माणसाविषयीचा भाग वाचावा, कारण दारूबंदीच्या राज्यातही तो दारात येतोच.

इंदुरात कायदा एवढा सरळ नाही, म्हणून खरी निवड येथेच करावी लागते. मध्य प्रदेशात दारू पिण्याचे किमान वय 21 आहे. 1 एप्रिल 2023 पासून दारूच्या दुकानांना लागून असलेले अहाते बंद झाले, आणि 1 एप्रिल 2025 पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर यांसारख्या तीर्थस्थळी दारूविक्री बंद झाली. इंदूर त्या यादीत नाही. अहाते बंद झाल्यानंतर बसून पिण्याची जागा शोधणारी मंडळी रात्री नऊनंतर कुठेही दिसतात, आणि म्हणूनच दुसऱ्या पर्यायाचा इंदुरी अर्थ वेगळा होतो. अर्धे शटर खाली, आत दिवा, चार जण स्टुलावर, मध्ये बाटली: हे दृश्य रस्त्यावरून पाहणाऱ्याला सायकल कार्यशाळा वाटत नाही, अहाता वाटतो. आमच्याकडे एका दिवाळीत एका समाधानी गृहस्थांनी सायकलचे ओव्हरऑइलिंग झाल्याच्या आनंदात मिठाईच्या डब्याबरोबर एक बाटली दिली. ती कपाटात छर्र्यांच्या डबीमागे दोन आठवडे पडून होती. कुणी ती उघडली नाही, पण पाना शोधताना ती एका बारा वर्षांच्या मुलाच्या हाती लागली आणि त्याने घरी जाऊन सांगितले. तो मुलगा पुढे दोन महिने आला नाही. वेळेचा नियम माणसांना लागू होतो, बाटलीला नाही. शटर वर गेले तरी ती कपाटातच असते.

दुसरा आणि तिसरा हे पर्याय कुठून आले हे पाहिले, की ते आपल्याकडे का अडखळतात तेही कळते. लॉस एंजेलिसमध्ये 2002 मध्ये एका इमारतीच्या स्वयंपाकघरात सुरू झालेली ‘बायसिकल किचन’ ही सामुदायिक सायकल कार्यशाळांच्या चळवळीतली एक प्रसिद्ध कार्यशाळा, आणि अशा कार्यशाळांच्या मंडळींचे ‘बाइक बाइक’ नावाचे संमेलन 2004 मध्ये न्यू ऑर्लिन्सला पहिल्यांदा भरले. अमेरिकेत दुरुस्ती करून देणाऱ्याला आभार म्हणून बिअरचे खोके आणून देण्याची रीत सायकल दुकानांत जुनीच आहे, जशी आपल्याकडे पोहे-जिलेबीची. तिथल्या अनेक कार्यशाळा करमुक्त सार्वजनिक संस्था असल्यामुळे बिअरच्या संध्याकाळी निधी उभा करतात. पण दारू विकायची किंवा पुरवायची म्हटले, की साधा विमा पुरेलच असे नसते, त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. जर्मनीत बिअर विकत घेण्याचे वय 16 असल्यामुळे कार्यशाळेच्या फ्रीजमधली बाटली कुणाला खुपत नाही, मात्र तिथे रक्तात 1.6 प्रति हजार मद्यांश असताना सायकल चालवली तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम 185 मोटार वाहनापुरतेच आहे. सायकलस्वार त्यात येत नाही. म्हणजे तिकडे कार्यशाळा सैल आणि रस्ता कडक. इकडे रस्त्यावर सायकलस्वाराला अडवणारे कुणी नाही, म्हणून कार्यशाळेनेच कडक व्हावे असे माझे मत आहे.

तिसऱ्या पर्यायाच्या बाजूने एकच गोष्ट आहे, पैसा. एकदिवसीय परवाना आपल्या राज्यातही मिळतो. परंतु आपल्या कार्यशाळेत संध्याकाळी निम्मे हात मुलांचे असतात, आणि बाल न्याय कायदा 2015 चे कलम 77 अठरा वर्षांखालील मुलाला दारू देणाऱ्यास 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. गर्दीच्या कार्यक्रमात कुणाच्या पेल्यातून कोण प्यायले याचा हिशेब ठेवण्यापेक्षा तो कार्यक्रम कार्यशाळेबाहेर, मुलांशिवाय, दुसऱ्याच जागी करणे स्वस्त पडते.

यंत्राच्या बाजूनेही विचार करावा, कारण नैतिकतेच्या वादात तीच बाजू मागे पडते. थोडी घेतलेला माणूस डावे पायडल उलट्या आट्याचे असते हे विसरतो, नेहमीच्या दिशेने जोर लावतो आणि क्रँकचे आटे खाऊन टाकतो. तेवढे नुकसान भरून निघते. हँडल धरून ठेवणाऱ्या स्टेमचा बोल्ट साधारण 5 न्यूटन-मीटरला कसायचा असतो, तो ढिला राहिला किंवा ब्रेकच्या तारेचा नट अर्धाच कसला गेला, तर ते दुसऱ्या दिवशी उतारावर, दुसऱ्याच माणसाला कळते. रिमचा आउट, म्हणजे चाकाची डगमग, काढायला तर नजर स्थिर हवी. म्हणून दुसरा पर्याय निवडलाच, तर एक पोटनियम सोडू नये: बाटली उघडली, की त्या रात्री स्टँडला हात लावायचा नाही.

आता पिऊन आलेला माणूस. तिन्ही पर्याय बाटलीबद्दल बोलतात, माणसाबद्दल नाही, आणि नियमावली खरी कसाला लागते ती इथे. गेल्या पावसाळ्यात सायंकाळी सातला एक पहारेकरी तुटलेली चेन हातात घेऊन, सायकल ढकलत आला. वास स्पष्ट होता, बोलणे नीट होते, आणि पहाटे पाचला त्याची पाळी होती. आमचा नियम संपूर्ण बंदीचा. एका स्वयंसेविकेच्या मते त्यात हा माणूसही आला, त्याला परत पाठवावे. मी तसे वाचत नाही. आम्ही त्याला बाकावर बसवले, चेनची कडी स्वतः बदलली, पाना त्याच्या हाती दिला नाही, आणि सायकल रात्री ठेवून घेतो म्हणालो. तो कबूल झाला नाही. शेवटी तो सायकल हातात धरून पायी गेला. वळणापर्यंत तरी पायीच होता. पोटासाठी सायकल चालवणाऱ्याला दारावरून घालवायचे नाही आणि त्याला स्वतः काम करू द्यायचे नाही, या दोन गोष्टी एकाच वाक्यात लिहून ठेवाव्यात, नाहीतर त्या संध्याकाळी जो स्वयंसेवक असेल त्याच्या स्वभावावर निर्णय जातो.

माझा कौल पहिल्या पर्यायाला आहे, तो दारूच्या तिटकाऱ्यातून नव्हे: तीनही पर्यायांत पहिला एवढाच असा आहे, जो संध्याकाळी किल्ली कुणाकडे आहे यावर अवलंबून राहत नाही. ज्यांच्या कार्यशाळेत मुले येतच नाहीत आणि जागा स्वतःच्या मालकीची आहे, त्यांना दुसरा पर्याय चालू शकेल. सोसायटीच्या आवारात तो निवडू नये.

लिहिताना ‘दारू’ऐवजी ‘नशा’ हा शब्द वापरावा. भांगेची पाने 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातील गांजाच्या व्याख्येबाहेर राहतात, त्यामुळे ‘दारू नाही, बेकायदा पदार्थ नाहीत’ एवढेच लिहिले तर महाशिवरात्रीची ठंडाई दोन्हींतून सुटते. डिस्क ब्रेक पुसायचे आयसोप्रोपिल अल्कोहोल मात्र लागतेच. त्यावर ‘विषारी’ अशी मोठी चिठ्ठी चिकटवून ते कुलपात ठेवावे. आणि रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते त्या दिवशी कार्यशाळा सरळ बंद ठेवावी. त्या दिवशी सायकल घेऊन कुणी येत नाही, आणि जो येतो त्याच्या हाती पाना देता येत नाही.