दाजीपूरची जंगल सफारी : गाडीचे नाही, गाईडचे पैसे द्या

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न मेकर आहे, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने बनवतो. लाकडावर अर्धा मिलिमीटर इकडचं तिकडं झालं तर डोळ्याला टोचतं, तसली सवय. म्हणून आधीच सांगतो, या गाईडला मी पाचपैकी पाच देतोय ते उगीच नाही.

राधानगरीच्या पुढं असलेल्या दाजीपूरच्या अभयारण्यात याआधी तीन वेळा गेलो होतो. तिन्ही वेळा गवे बघितले, फोटो काढले, परत आलो. लोक म्हणतात गवा दिसला की सफारी वसूल. यावेळी आम्ही हरणांसाठीच गेलो. सांबर आणि भेकर, दुसरं काही नको. कारण आबा. माझे वडील, वय 79. त्यांचे वडील संस्थानच्या काळात शिकारीच्या हाक्याला जायचे. हाका म्हणजे काय ते आजच्या पोरांना ठाऊक नसतं. गावोगावची माणसं रांग धरून, डबे बडवत, ओरडत रान एका बाजूनं उठवायची आणि जनावर पुढं दबून बसलेल्या बंदुकीसमोर आणायची. पाळलेले चित्ते सोडून केलेली कोल्हापूरची शिकार सगळ्यांनी ऐकलेली असते, पण ती उघड्या माळावरची, काळविटाची. घाटातल्या दाट रानात चित्ता धावणार कुठं? तिथं माणसांचाच हाका. आबांनी लहानपणी हे सगळं चुलीपुढं बसून ऐकलं. जिवंत, निवांत चरणारं भेकर मात्र उभ्या जन्मात कधी बघितलं नव्हतं. जे बघितलं ते खांद्यावर टाकून आणलेलं.

पहाटे चारला निघालो. फुलेवाडी, भोगावती, राधानगरी. फेब्रुवारीतली थंडी, आबांच्या कानाला मफलर, माझी मुलगी मागं झोपलेली. दाजीपूरला पोचलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. फाटकावरनं गाडी आणि गाईड घेतला. गाईड जवळच्याच वाडीतले, पन्नाशीचे असतील, अंगात मळकट हिरवा शर्ट, पायात साध्या चपला. मुलगी त्यांना पहिल्या दहा मिनिटांतच मामा म्हणायला लागली.

गाडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रस्ता कच्चा, धक्के बसतात, वयस्कर माणूस असेल तर पाठीला उशी न्या. पांढरे-लाल कपडे नकोत, अत्तर तर अजिबात नको.

खरी गोष्ट उतरल्यावर सुरू झाली. जिथं उतरायला परवानगी आहे तिथं मामांनी आम्हाला पायवाटेच्या कडेला बसवलं आणि ओल्या मातीतला एक खूर दाखवला. माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा. दोन फाका, पुढं निमुळत्या. "भेकर," म्हणाले. शेजारीच गव्याचा खूर होता, माझा अख्खा पंजा त्यात बसला असता. मग त्यांनी जे दाखवलं ते मी विसरणार नाही. भेकराच्या खुराची कड बोटानं न शिवता, नुसती काडी जवळ धरून म्हणाले, "कड बघा, अजून ढासळली नाही. आत पानसुद्धा पडलेलं नाही. पाखरं बोलायच्या आधी गेलंय, पण लांब नाही." मी रोज साच्याच्या कडा तपासतो. वाळूत उठलेली कड ताजी की बसलेली, हे मला कळतं. पण मातीतली कड वाचून वेळ सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

पुढं एका झाडाची साल कमरेच्या उंचीवर सोललेली. सांबरानं शिंगं घासलेली. मुलीनं विचारलं, शिंगं तुटत नाहीत का? मामांनी नीट समजावलं. सांबर, भेकर यांची शिंगं गळतात आणि परत नवी येतात. गव्याची, काळविटाची जन्मभर तीच. शाळेच्या पुस्तकात हे असेलच, पण सोललेल्या सालीवर हात ठेवून ऐकलं की डोक्यात बसतं.

आणि मग आबा. इतका वेळ काठी टेकत गप्प चाललेले आबा थांबले, वाकून चिमूटभर सुकी माती उचलली आणि सोडली. माती पुढं उडाली. "वारं आपल्याकडनं तिकडं जातंय," म्हणाले, "वास लागंल त्याला." मामांनी त्यांच्याकडं बघितलं, मान हलवली आणि वाट बदलली. आम्ही वळसा घेऊन कारवीच्या झुडपांच्या कडेनं गेलो. त्या दोघांत एवढंच बोलणं झालं, पण तिथून पुढं मामा आबांना बरोबरीनं घेऊन चालले.

पलीकडून भुंकण्याचा आवाज आला. अगदी कुत्र्यासारखा, थांबून थांबून. मुलगी म्हणाली, इथं कुत्रं कुठलं? मामांनी ओठावर बोट ठेवलं. अंजनीच्या झाडांखाली, असेल तीस पावलांवर, भेकर उभं होतं. नर. तांबूस अंग, तोंडावर काळ्या रेघा, केसाळ खुंटांवर एवढीशी शिंगं. आमच्याकडं नाही, उताराकडं बघून भुंकत होतं. मग थांबलं, मान खाली घातली, पडलेलं काहीतरी उचलून चावलं. चावताना कान हलत होते. आबांनी काठी छातीशी धरली होती, कुठं वाजू नये म्हणून. पाच मिनिटं तरी ते तसंच चरत होतं.

सांबर मात्र दिसलं नाही. सांबरकोंड नावाच्या जागेच्या बाजूला खूर मिळाले, लेंड्या मिळाल्या, एकदा लांबून आवाज आला, तेवढंच. मामांनी सांबर दाखवतोच असं कधी म्हटलंच नव्हतं, हेही मला आवडलं. परतीच्या वाटेवर दुसऱ्या एका गाडीतल्या मंडळींनी मोबाईलवर गाणी लावली होती. मामांनी गाडी थांबवून त्यांना हात जोडून बंद करायला सांगितलं. त्यांनी बंद केलं, पण पुढच्या वळणावर परत लावलं. त्यानंतर रानात काहीच दिसलं नाही. ज्यांना गाणी ऐकायची आहेत त्यांनी कोल्हापुरात रंकाळा तलावावर जावं, इतक्या लांब येऊन दुसऱ्यांची सकाळ नासवू नये. मला याचा खरंच राग आला.

हे रान एकेकाळी कोल्हापूरच्या छत्रपतींच्या शिकारीसाठी राखलेलं होतं. 1958 साली दाजीपूर गव्यांसाठी अभयारण्य झालं, 1985 मध्ये राधानगरी धरून ते 351 चौरस किलोमीटरपर्यंत वाढवलं, आणि मधे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर कडक बंधनं आली. पण माग काढायची विद्या त्या बंदुकीबरोबर गेली नाही, ती या वाड्यांतल्या माणसांकडं आहे. आमच्या आजोबांचं काम आरडाओरडा करून जनावर उठवायचं होतं. मामांचं काम ते उठू नये असं चालायचं. हे जास्त अवघड आहे, असं आबा स्वतः म्हणाले.

तेव्हा जाणाऱ्यांना एकच सांगणं. फाटकावर गाडीची चौकशी नंतर करा, आधी विचारा की माग दाखवणारे गाईड कोण आहेत. घाई करू नका, गव्यामागं पळू नका. ठरलेल्या पैशांवर थोडे जास्त द्या, हातात द्या.

दुपारी मामांच्या वाडीतच एका घरी भाकरी, झुणका आणि खर्डा खाल्ला. आबा एरवी अर्धी भाकरी खातात, त्या दिवशी दोन खाल्ल्या. राधानगरीच्या पाण्यापाशी गाडी आली तरी ते मुलीला हाक्याच्याच गोष्टी सांगत होते, आणि ती मधेच विचारत होती, "मग ते भेकर आत्ता कुठं असेल, आबा?"