99 टक्के लिहिलेल्या बाटलीत पाणी निघालं

कॉम्प्युटर टेबल साफ करायच्या किटमध्ये 500 मिलीच्या 2 बाटल्या आल्या. लेबलवर ठळक अक्षरांत 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वस्तू पुसायचा, पटकन उडणारा द्रव. आत बहुतेक पाणी आणि जोडीला साबण. त्यापायी चांगला मेकॅनिकल की-बोर्ड (प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असलेला) गेला. लिहायला लाज वाटते, पण आणखी कुणाचा जाऊ नये.

बाटली हलवली तेव्हा वर पांढरा फेस आला आणि तसाच राहिला. तिथेच थांबायला हवं होतं! अल्कोहोलचा फेस टिकत नाही, हात थांबला की बुडबुडे फुटतात. फेस टिकला म्हणजे आत साबण आहे. हे पक्कं ठाऊक असूनही झाकण उघडलं, याचा संताप अजून जात नाही. पण सील शाबूत, बॅच नंबर छापलेला, वरून लिंबाचा वास मारलेला. संशय यावा तरी कशाचा?

104 की-कॅप (बटणांवरच्या टोप्या) काढल्या, ब्रशने धूळ झटकली, स्विचांमधून ओला बोळा फिरवला. खरं 99 टक्क्यांचं अल्कोहोल पातळ पुसलं तर मिनिटभरात उडतं. हे दहा मिनिटांनी वरवर सुकलेलं दिसलं, म्हणून केबल जोडली. स्विचच्या पोटात पाणी तसंच होतं. स्पेसबारची ओळ मेली आणि एक अक्षर आपोआप उमटत राहिलं. पुसताना केबल काढून ठेवली होती, तरी पाणी आत राहिलं की व्हायचं ते होतंच. (की-कॅप मात्र कोमट साबणाच्या पाण्यात धुवायला हरकत नाही, 24 तास वाळवा.)

मग वजनकाटा काढला. मापाच्या भांड्यात 100 मिली ओतलं, भांड्याचं वजन वजा केलं: 97 ग्रॅम. 99 टक्के असतं तर 79 च्या आसपास भरलं असतं, 70 टक्के असतं तर 88 च्या. पाणी 100 भरतं. बाटली उघडल्यावर पहिलं काम हेच करा.

विक्रेता म्हणतो, उघडलेलं रसायन परत घेत नाही. अरे, उघडल्याशिवाय कळणार कसं? विक्री झाली ती साइट म्हणते विक्रेत्याशी बोला. की-बोर्डवाले म्हणतात द्रव गेला, वॉरंटी संपली. तक्रार कक्षाने तीन वेळा तोच अर्ज भरून घेतला, मग प्रयोगशाळेचा अहवाल मागितला, आणि प्रयोगशाळेला हवा सीलबंद नमुना! प्रत्येक जण नम्रपणे पुढच्याकडे बोट दाखवतो, आणि भामट्याची विक्री चालूच आहे.

स्क्रीनवर कोणताही द्रव थेट फवारू नका, मायक्रोफायबर ओलसर करून पुसा. अमोनियावालं काच-क्लीनर मॅट स्क्रीनचा थर खातं. अॅसिटोन लावलं की की-बोर्डचं प्लॅस्टिक विरघळतं. अल्कोहोल ब्लीचमध्ये कधीच मिसळू नका, विषारी क्लोरोफॉर्म तयार होतो. लाखेचं पॉलिश असलेल्या टेबलावर अल्कोहोल लावलंत तर पांढरे डाग पडतील. खरं असेल तर ते पेटतंही, खिडकी उघडी ठेवा.

दुसरी बाटली फोडलेली नाही. पहिलीची रिकामी बाटली झाकणासकट 42 ग्रॅम, ही सीलबंद 527. म्हणजे आत 485 ग्रॅम, जिथे 393 च्या आसपास हवे होते. काट्यावरच्या आकड्याचा फोटो चौथ्या अर्जाला जोडला आहे.